आठवा दगड

सुपाच्या डोहावर ग्रामपंचायतीने एक पाटी लावली आहे. 'धोका! खडकावर उतरू नये. येथे आजवर ९ जण बुडाले आहेत.' सगळी अक्षरं लाल रंगात रंगवलेली, नऊचा आकडा तेवढा खडूने लिहिलेला. वाढला तर पुसून नवा लिहिता यावा, ही सरपंचांची दूरदृष्टी. आणि येणारे पाहुणे असे बहाद्दर, की पाटीच्या खांबाला खेटून, बत्तिशी दाखवत फोटो काढतात आणि पाटीच्याच मागच्या पायवाटेने खाली उतरतात.

पुंजाजी त्या पाटीचा माणूस. खाकी सदरा, गळ्यात शिट्टी, हातातल्या काठीला लाल फडकं. पावसाळ्याचे चार महिने, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. शिट्टी फुंकून त्याचे गाल दुखायचे आणि लोक त्याच्याकडे बघून हात हलवायचे, जणू तो त्यांच्या स्वागतालाच उभा आहे.

बुलढाणा जिल्ह्याला दोन मजले आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. धामणदरी हे गाव खालच्या मजल्यावर, अगदी जिन्याच्या पायथ्याशी. नाला घाटावरून येतो, गावामागच्या कड्यावरून कोसळतो आणि खाली डोह करतो. डोहाच्या तोंडाशी, धान्य पाखडायच्या सुपासारखा, एक पसरट काळा खडक आहे. शंभर माणसं सहज मावतील एवढा. पण त्याच्यावर जायला वाट एकच : दगडाची एक अरुंद मान, दोन्ही अंगांना पाणी. घाटावर पाऊस झाला की इथे लख्ख ऊन असतानाही लोंढा येतो, आणि आला की सगळ्यात आधी ही मान बुडते. मग सुपातले लोक सुपातच राहतात. पुढच्या पाच-सात मिनिटांत सूपही पाण्याखाली जातं.

पुंजाजी हे घसा कोरडा होईस्तोवर सांगायचा. "ऊन पडलंय की काका!" म्हणत शहरातली पोरं त्याला वळसा घालून पुढे व्हायची.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडाला, त्याने असल्याच एका पोराला डोहातून बाहेर काढलं. जिवंत नव्हे. पोराच्या मनगटावरचं ते महागडं घड्याळ मात्र जिवंत होतं. ते थरथरत होतं आणि त्यावर 'आई' अशी दोन अक्षरं पुन्हा पुन्हा येत होती. पुंजाजीने ते घड्याळ बंद कसं करायचं ते शोधलं, त्याला सापडलं नाही. मग त्याने पोराचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.

त्या दिवसापासून त्याचा पाटीवरचा विश्वास उडाला. आठवडाभर त्याने डोकं खाजवलं आणि एका सकाळी, कोणी यायच्या आत, नाल्यातले सात गोटे उचलले. तेलात शेंदूर कालवून त्यांना फासला आणि मानेच्या अलीकडे, वाटेच्या मधोमध, ओळीने मांडले. बाजूला हिरव्या बांगड्यांचे तुकडे आणि एक लिंबू. झाल्या साती आसरा! पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी, ज्यांची नजर गेली की माणूस आत ओढला जातो, असं अख्खा मुलूख लहानपणापासून ऐकत आलेला.

"याच्या पल्याड आसरायचं राज्य हाय," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला. "आताच एका पोराले वढून नेलं त्यायनं."

आणि काय सांगावं! पाटीला न बधणारे लोक दगडांना बधले. गावकरी तर सोडाच, गाडीला मोठाले भोंगे लावून आलेली टोळकी ओळीपाशी येऊन थबकायची, चपला काढायची आणि मागे फिरायची. तो पावसाळा सुखाचा गेला. खडूचा आकडा नऊवरच राहिला. पुंजाजी स्वतःवर जाम खूश होता.

इथेच तो चुकला, आणि अशी चूक आपल्याकडचाच माणूस करू जाणे. भीती घालायला त्याने देव मांडला. पण आपली माणसं देवाला भिऊन लांब राहतात होय? ती उलट त्याच्या पायाशी जाऊन बसतात.

दुसऱ्या वर्षी एका बाईने तिथे ओटी भरली आणि तिच्या आटलेल्या म्हशीला पान्हा फुटला. एकाच्या लेकाला नोकरी लागली. मग विचारता सोय नाही. आषाढात पारावर बैठक बसली आणि झुंबरबाईने, जिच्या शब्दाला गावात वजन होतं, नेमका प्रश्न टाकला. "आसरा पान्यातल्या. त्यांयले कोरड्यात काऊन बसोलं?"

सगळ्यांना पटलं. हलगी लावून, गुलाल उधळून सात दगड मानेवरून पलीकडे नेले आणि सुपाच्या अगदी टोकाला, धबधब्याच्या समोर, पाण्याच्या कडेवर बसवले. ज्या जागी कोणी जाऊ नये म्हणून ते मांडले, त्याच जागी आता बायाबापड्या ताटं घेऊन रांगा लावू लागल्या. त्यांच्यामागून बाहेरचे पाहुणे आले. देवाला चालतं तर आपल्याला का नाही?

तेव्हा पुंजाजीने तोंड उघडायला हवं होतं. त्याने उघडलं नाही, कारण त्या रांगेत त्याची बायको गोजरबाई उभी होती. त्यांची एकुलती एक लेक प्रतीक्षा पिंपळगाव राजाला दिलेली. लग्नाला आठ वर्षं झालेली, पाळणा हलला नव्हता, आणि सासरचे लोक आता गोड बोलेनासे झाले होते. गोजरबाईने पदर पसरून नवस बोलला : पोरीची कूस उजवू दे, लेकराचे पाय तुझ्या पाण्याला लावीन. संध्याकाळी सांगू म्हणून पुंजाजी घरी आला, बायकोचा उजळलेला चेहरा बघितला आणि मुकाट्याने भाकरी खाल्ली. दहा महिन्यांनी प्रतीक्षाला मुलगा झाला. आता तर बोलायचीच सोय उरली नाही.

आणि आज, श्रावणातल्या शेवटच्या रविवारी, ते साडेतीन महिन्यांचं लेकरू नवस फेडायला सुपावर उतरणार होतं.

सकाळीच पुंजाजीने घाटाकडे बघितलं. घाटमाथा दिसतच नव्हता. घरात गोजरबाई ओटीचं ताट भरत होती. नारळ, हिरवा खण, हळकुंड, तांदूळ. लेक-जावई स्टँडवर उतरल्याचा फोन येऊन गेला होता.

"गोजर, घाटावर आभाळ भरलं हाय," तो म्हणाला. "ओटी वरतीच भरू, पाटीपाशी. डोहाचं पानी मी बादलीनं आनतो."

"बादलीतल्या पान्याचा नवस बोलली होती का मी?"

"मंग पुढच्या महिन्यात करू."

"पुढच्या महिन्यात जवाईबापूले सुट्टी नाही."

पुंजाजी उंबऱ्यावर बसला. दोन वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट एकदाची बाहेर आली. "थे दगड मी मांडले, गोजर. लोकं उतरू नये म्हनून. नाल्यातले गोटे हायेत थे. शेंदूर तुह्याच डब्यातला."

त्याला वाटलं, ताट खाली पडेल. पडलं नाही. गोजरबाईने हळकुंड नीट सरळ करून ठेवलं.

"मले ठावं हाय," ती म्हणाली. "डबा हलका लागला थवाच समजली मी. तुमच्या नखात आठ दिवस शेंदूर होता."

"ठावं होतं? आन् तरी नवस बोलली?"

"कोन्याही देवळातला देव चालत आला का? कोनं तरी मांडलाच असंन थो." तिने ताटावर रुमाल टाकला आणि पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं. "दगड तुमी मांडले. लेकरू तुमी देलं का?"

पुंजाजी उंबऱ्यावरून उठला. शिट्टी गळ्यात अडकवून तो डोहाकडे निघाला. आज डोळ्यांत तेल घालून उभं राहायचं, एवढंच त्याच्या हातात होतं.

साडेअकराच्या सुमाराला सुपावर साठ-सत्तर माणसं होती. खाली स्वच्छ ऊन, धबधब्यावर बारीकसं इंद्रधनुष्य. टोकाला बायांची रांग, त्यात गोजरबाई आणि लेकराला छातीशी धरलेली प्रतीक्षा. जावई दीपक मोबाइल उंच धरून सगळं टिपत होता. अलीकडे शहरातली दहा-बारा पोरं पाण्यात पाय सोडून बसली होती. पुंजाजीने शिट्टी वाजवली की त्यातला एक जण तोंडाने तशीच शिट्टी काढायचा आणि बाकीचे खिदळायचे.

पुंजाजीचा फोन वाजला. साडू ज्ञानेश्वर. त्याचं शेत घाटावर, नाल्याच्या काठालाच. पुंजाजीची खरी शिट्टी म्हणजे हा ज्ञानेश्वरचा फोन.

"भाऊ, आभाळ फाटलं इकडं! बांध फुटून राह्यले. नाला काठावरून वाहून राह्यला."

"कवापासून?"

"अर्धा घंटा झाला. फोनच लागत नव्हता तुमाले."

अर्धा तास. एरवी घाटावरून खाली पोचायला पाण्याला पाऊण तास लागायचा, जोराचा लोंढा असला तर त्याहून कमी. काठी टाकून पुंजाजी पायवाटेने खाली धावला. मानेवर पाय टाकला तर तळव्याला ओल लागली. सकाळी ती मान कोरडी होती. डाव्या अंगाला एक सागाचं पान गोल गोल फिरत चाललं होतं, त्यामागे फेस, त्यामागे आणखी पानं.

"पानी येऊन राह्यलं! वर चला! सगळे वर चला!"

पोरांनी वर आभाळाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "काका, ऊन बघा की!"

"पुंजाजी, ओटी चालू हाय, वरडू नोका," झुंबरबाई करवादली. "लेकरायले भेव लागते. आन् साक्षात आसरा बसल्या हायेत राखाले, काय होते?"

तो रांगेत घुसला. "पोरी, वर चाल. आत्ता."

"बाबा, आमच्या पुढं दोनच जनी हायेत," प्रतीक्षा म्हणाली. लेकराच्या कपाळावर काजळाची तीट होती आणि ते आजोबाची शिट्टी बघून पाय झाडत होतं.

दोनच जणी. त्याने एकेकीचे हात धरून ओढले, त्यांनी हिसडे दिले. "आसरा नाहीत थ्या!" तो किंचाळला. "मी मांडले थे दगड! मी!" कोणीतरी हसलं. "सक्कायपासूनच घेतली वाटते आज," दुसरा म्हणाला. गोजरबाई तेवढी हसली नाही. ती ताट धरून त्याच्याकडे बघत होती, आणि तो आता काय करणार हे तिला त्याच्याआधी कळलं असावं. "नोका करू," ती हळूच म्हणाली.

त्याने पहिला दगड उचलला आणि डोहात फेकला.

दुसरा दगड गेला तशी एक बाई किंचाळली. तिसरा, चौथा. माणसं भानावर यायच्या आत त्याने हळदीकुंकवासकट पाचवा आणि सहावा भिरकावला. सातवा सगळ्यात मोठा होता, तेलाने निसटता. तो त्याच्या हातातून सटकला आणि कडेलाच, कमरेएवढ्या पाण्यात पडला.

"धरा त्याले!"

हेच त्याला हवं होतं. तो मानेवरून पळत सुटला आणि सगळं सूप त्याच्यामागे उठलं. मानेवर आता घोटाभर पाणी होतं, पण खाली बघायला फुरसत कोणाला? गावकरी संतापाने धावले. बाया शिव्याशाप देत धावल्या. शहरातली पोरं मोबाइल सरसावून सगळ्यांच्या पुढे निघाली. मारामारी सोडून धबधबा कोण बघत बसतो?

पाटीपाशी त्यांनी त्याला गाठलं. पहिली थप्पड गालावर बसली, मग पाठीत लाथ, मग कोणाचं काय बसलं हे कळेनासं झालं. शिट्टीची दोरी तुटली आणि शिट्टी पायांखाली चेंगरली. तो खाली पडला होता आणि पायांच्या गर्दीतून वाटेकडे बघत होता. तेवढ्यात ओरडत, पडत-धडपडत प्रतीक्षा आली. "माह्या बाबाले मारू नोका! सोडा त्याले!" तिच्या छातीशी लेकरू, त्याच्या पायातला काळा दोरा, मागे दीपक. तिघं वर आली होती. पुंजाजीला ओठ फुटलेल्या तोंडाने हसू आलं. आयुष्यात एवढा आनंद त्याला कधी झाला नव्हता.

"माय कुठी हाय?" त्याने विचारलं.

प्रतीक्षाने मागे वळून बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

सुपावर गोजरबाई एकटी होती. ताट खडकावर व्यवस्थित ठेवलेलं, आणि ती कडेच्या पाण्यात कमरेपर्यंत उतरून, वाकून, हाताने तळ चाचपत होती.

"गोजर! सोड थो दगड! वर ये!"

त्याचा आवाज धबधब्यात बुडाला. शिट्टीसाठी हात गळ्याशी गेला, तिथे काही नव्हतं. गोजरबाईला दगड सापडला. तिने तो पदरात घेतला, गाठ मारली, खडकावर चढून आली. मानेकडे वळली तेव्हा मान दिसत नव्हती. तिथे तांबडं पाणी होतं आणि त्यातून एक मोडकी बाभूळ मुळासकट चालली होती. ती थांबली. ओरडली नाही, धावली नाही. दोन्ही हातांनी पदराची गाठ पोटाशी धरून ती वर, पाटीकडे, लेकराकडे बघत उभी राहिली. मग कड्यावरून आवाज आला. ट्रकमधून खडी ओतावी तसा तो सुरू झाला आणि थांबेचना.

जे हात पुंजाजीला मारत होते, त्याच हातांनी त्याला धरून ठेवलं, नाहीतर तो खाली गेला असता.

तिसऱ्या दिवशी नाल्याच्या खालच्या अंगाला, रोहिणखेड गावाच्या अलीकडे ती सापडली. पदराची गाठ सुटली नव्हती. दगडावर शेंदूर तसाच होता.

सत्तर माणसं वाचली, आणि कशी वाचली हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुंजाजीने आसरांना पाण्यात फेकलं, म्हणून त्या कोपल्या आणि लोंढा धाडला. गोजरबाईने मात्र एका बहिणीला पदरात घेतलं, म्हणून तिला त्यांनी आपल्यात घेतलं आणि बाकीच्यांना सोडलं. झुंबरबाईने हे पारावर सांगितलं आणि दहाव्यालाच गावाने ते पक्कं केलं. पुंजाजी आधी ओरडला, मग रडला, मग गप्प बसला. प्रतीक्षाही म्हणाली, "बाबा, मायनं वाचोलं आमाले." नाही म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. खोटं तरी किती होतं त्यात?

पाटीवरचा आकडा त्याने पुसला आणि दहा लिहिला. दुसऱ्या दिवशी सरपंचांनी तो पुन्हा नऊ केला. देवीला बुडाली म्हणणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

या पावसाळ्याला सुपाच्या टोकाला सिमेंटचा ओटा आहे. त्यावर सात नवे दगड, आणि शेवटी, थोडा मोठा, पदरातला. बाहेरून येणारे मोजतात आणि चक्रावतात. "काका, साती आसरा ना? मग आठ कसे?"

"आठवी माही बायको हाय," पुंजाजी सांगतो. "बुडाली इथी. तुमी उतरू नोका."

ते ऐकून लोक चपला काढतात, हात जोडतात आणि मानेवरून खाली उतरतात. रविवारी तर नारळांचा खच पडतो.

एकदा भल्या सकाळी तो दगड काढून टाकायला पुन्हा उतरला होता. सातही दगड उचलून बाजूला ठेवायला त्याला काही वाटलं नाही. आठव्याला हात लावला. एवढा जड नव्हता तो, गेल्या साली एका हाताने उचलला होता. त्याने त्यावरची वाळलेली फुलं काढली, सदऱ्याच्या कडेने तो पुसला आणि सातही दगड होते तिथे मांडून वर आला.

काल दुपारी प्रतीक्षाचा फोन आला. मागे लेकराची बडबड ऐकू येत होती.

"बाबा, पोराचं जावळ काढाचं हाय. सासूबाई म्हन्तात, आजीच्या पायापाशीच काढू. मायले बी बरं वाटंन."

पुंजाजीने नाही म्हणायला तोंड उघडलं. पाटीपाशी ऊन होतं. खाली ओट्यावर शेंदूर चमकत होता आणि कोणीतरी पोरगी त्याच्यासमोर मान तिरकी करून फोटो काढत होती. घाटमाथा मात्र ढगात गेला होता.

"कोन्या रविवारी?" त्याने विचारलं.